घरट्यालाही मुंडकारहक्क हवा

वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या दिली आहे, ती गोव्यातल्या प्रत्येक पंचाने, कंत्राटदाराने आणि बागायतदाराने एकदा वाचावी. १९७२ सालचा हा कायदा बंदूक, फासकी आणि विष एवढ्यावर थांबत नाही. रानपक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे, त्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना उपद्रव देणे, हेही त्याच्या लेखी शिकारच आहे. म्हणजे भर चैत्रात, ढोलीत पिल्ले असताना झाडावर करवत चालली, तर ती शिकार ठरू शकते. करवत चालवणाऱ्याच्या खिशात झाड तोडण्याचा रीतसर परवाना असला, तरी घरट्याचा प्रश्न त्या परवान्याने सुटलेला नसतो.

तो सुटत नाही, कारण तो विचारलाच जात नाही. गोव्यात झाडांसाठी १९८४ पासून वेगळा कायदा आहे, वृक्ष अधिकारी आहे, अर्ज आहे. अर्जात सर्व्हे क्रमांक येतो, जमिनीचा मालक येतो, झाडाची जात, घेर आणि तोडण्याचे कारण येते. झाडावर सध्या कोण राहते, याचा रकाना मात्र मी अजून पाहिलेला नाही. २०१६ मध्ये माडाला या कायद्याच्या व्याख्येतून वगळले तेव्हा अख्खा गोवा उठला होता, आणि ते योग्यच झाले. २०१७ मध्ये माड पुन्हा झाड ठरला आणि राज्यवृक्षही झाला. त्या सगळ्या वादात माड गवत आहे की वृक्ष, भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, उत्पन्न किती, बिल्डरचा डाव काय, यावर भरपूर बोलणे झाले. त्याच माडाच्या झावळ्यांना लोंबणाऱ्या सुगरणींच्या खोप्यांचे काय, हे विचारलेले मला आठवत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की घरटे असलेल्या जागेवर घरट्याचा हक्क मानावा, आणि तो हक्क जमिनीच्या मालकीहून वेगळा धरावा. हे ऐकून कोणाला भाबडेपणा वाटेल. पण गोव्याला हे तत्त्व मुळीच परके नाही. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने हुसकावण्यापासून संरक्षण दिले. जमीन भाटकाराची आहे, हे त्या कायद्याने नाकारले नाही. ज्याची चूल त्या जमिनीवर पेटते त्याचाही तिथे हक्क आहे आणि मालकाची मर्जी फिरली म्हणून तो संपत नाही, एवढे त्याने ठरवले. आपल्या कित्येकांच्या आजोबा-पणजोबांची घरे या एका विचारामुळे उभी राहिली. राहणाऱ्याचा हक्क त्याच्या राहण्यातून निर्माण होतो, हे आम्ही माणसांपुरते कायद्यात लिहून ठेवले. आता ते थोडे पुढे न्यायचे आहे.

त्यासाठी घरटे म्हणजे काय, हे नीट पाहावे लागते. शब्द आपण फार ऐसपैस वापरतो. निवृत्तीनंतर बांधलेल्या बंगलीच्या फाटकावर ‘घरटे’ लिहितो, मुले परदेशी गेली की घरटे रिकामे झाले म्हणतो, आणि पर्वरीपासून आसगावपर्यंत उभ्या राहणाऱ्या व्हिलांच्या जाहिरातींतही हाच जिव्हाळा विकला जातो. कोकणीत घोंटेर म्हणतात, देशावर खोपा म्हणतात. मधमाशीचे ते पोळे, वाळवीचे वारूळ, पोपटाची ढोली. आंब्याची पाने रेशमाने शिवून हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, जे गोळे करतात, तेही घरटेच. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांतल्या, काळुंदर माशाची जोडी चिखलात उथळ खळगे करून त्यांत पिल्ले सांभाळते, तेही घरटे. कायद्याच्या व्याख्येत यांतली निम्मी घरटी बसत नाहीत, आणि ती सगळी एका लेखात बसवण्याचा माझाही आग्रह नाही. या सगळ्यांत समान असते ती जागेची निवड. काड्या, पाने, माती, रेती हे साहित्य दरवर्षी नवे येते. जागा मात्र पारखून घेतलेली असते, आणि बहुतेकदा ती पुन्हा पुन्हा वापरली जाते. आपली संरक्षणाची सारी धडपड मात्र साहित्याभोवती आणि अंड्यांभोवती घुटमळते. जागा आपण सहज देऊन टाकतो.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. पेडण्यात मोरजी आणि मांद्रे, काणकोणात आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत हा हंगाम चालतो. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते. पुढच्या पायांनी अंगापुरती रेती बाजूला सारते आणि मग मागच्या, वल्ह्यासारख्या पायांनी खणायला लागते. एक पाय आत जातो, तळवा वळवून रेती उचलतो, बाहेर टाकतो. तोवर दुसरा पाय आत गेलेला असतो. ती मागे वळून पाहत नाही; सगळे काम स्पर्शावर चालते. हातभर खोल, गळ्याशी अरुंद आणि तळाशी फुगीर असा खड्डा तयार होतो. त्यात शंभरेक अंडी पडतात. खड्डा बुजवला की ती आपले अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आपटून रेती धोपटते. तो धप्प धप्प आवाज जवळ उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतो. मग ती समुद्राकडे वळते. पिल्लांना ती कधीच पाहणार नसते. तिने त्यांच्यासाठी केलेले एकमेव काम म्हणजे जागा निवडणे.

त्या निवडीवर पुढचे सगळे अवलंबून असते. भरतीचे पाणी पोचणार नाही, पण रेती अगदी कोरडीही नसेल, अशी उंची तिला हवी असते. कासवांत नर की मादी हे अंडी उबण्याच्या काळातल्या रेतीच्या तापमानावर ठरते. रेती जास्त तापली की माद्या अधिक निपजतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले एकदमच रेतीतून वर येतात, बहुधा रात्री, आणि जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धावतात. हजारो पिढ्या तो उजेड समुद्राचा होता. आज मोरजीला तो हॉटेलाच्या कुंपणावरचा असू शकतो. पिल्लू त्या दिशेने निघाले की सकाळपर्यंत कावळ्याच्या, कुत्र्याच्या किंवा नुसत्या उन्हाच्या तावडीत सापडते.

इथे आमच्या लोकांनी केलेले काम कमी लेखून चालणार नाही. मोरजीला एकेकाळी कासवाची अंडी लोक उकरून नेत, खात, विकत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वनखाते आणि गावकरी यांनी मिळून राखण सुरू केली, आणि जे हात अंडी काढत होते त्यांतलेच काही हात त्यांना जपू लागले. आता अंडी सापडली की जाळीचे कुंपण घालतात, तारखेची पाटी लावतात, रात्री पहारा ठेवतात. धोक्याच्या ठिकाणची अंडी उचलून सुरक्षित जागी पुरतात. गेल्या काही हंगामांत घरट्यांचा आकडा वाढला आहे, आणि त्याचे श्रेय या माणसांचे आहे.

पण हलवलेले घरटे हा नाइलाज आहे. अंडी घातल्यावर काही तासांतच ती उचलावी लागतात. नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडे फिरवले गेले तर तो मरू शकतो. नव्या जागेची खोली, ओल, ऊब आपण ठरवतो, कासवीण नाही. एका किनाऱ्यावरची बहुतेक अंडी दरवर्षी हलवावी लागत असतील, तर तो किनारा विणीचा राहिला नाही, हे मान्य करायला हवे. आज समुद्रात गेलेले मादी पिल्लू वयात यायला दहा-पंधरा वर्षे घेते, आणि मग ते आपल्या जन्माच्या भागातल्याच किनाऱ्यावर परतते. तोवर त्या रेतीवर काय उभे असेल, याचा निर्णय आपण आज घेत आहोत.

आणि हा निर्णय कागदावर झालेलाच आहे, हे जास्त दुखते. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी होत्या. त्यात मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद हे कासवांच्या विणीचे किनारे म्हणून नावानिशी लिहिले होते. त्यांचे सर्वेक्षण करून व्यवस्थापन आराखडा करावा आणि विणीच्या क्षेत्रात कोणतेही विकासकाम होऊ नये, असे सांगितले होते. इतके स्वच्छ लिहिलेले असताना आपण भांडतो कशावर? कुंपणाच्या चार काठ्यांवर. कासवीण कुठे अंडी घालेल ते तिने घातल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे सापडलेल्या घरट्याभोवतीच्या चार फुटांना संरक्षण आणि बाकी किनारा शॅक, खाटा, दिवे आणि संगीताला, ही वाटणीच चुकीची आहे. पर्यटनाचा हंगाम आणि विणीचा हंगाम एकच आहे. म्हणून नियम संपूर्ण पट्ट्याला लागला पाहिजे: रात्री समुद्राच्या बाजूला दिवा नको, रेतीवर खाट नको, वाहन नको. आगोंद किंवा गालजीबागचा पाहुणा हे समजून घेणारा असतो. बराचसा तर त्या शांततेसाठीच आलेला असतो. शॅक चालवणारे आमचेच लोक आहेत, त्यांतले कित्येक रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, घरचे. त्यांचा धंदा बुडावा असे मला मुळीच वाटत नाही. दिवे खाली वळवल्याने, झाकल्याने धंदा बुडत नाही. किनाराच उरला नाही तर मात्र दोघांचाही बुडेल.

आता समुद्र सोडून रस्त्यावर येऊ. तांबट नावाचा लहानसा हिरवा पक्षी सगळ्यांनी ऐकलेला असतो. उन्हाळ्याच्या दुपारी टुक टुक टुक अशी एकसुरी हाक देत राहतो तो. तांबट वाळलेल्या, मऊ झालेल्या फांदीत गोल भोक कोरतो. आत गवत नाही, पिसे नाहीत. तळाशी कोरताना पडलेला भुसा, त्यावरच अंडी. आमच्या भागात रस्त्याच्या कामासाठी एक जुना आंबा एप्रिलमध्ये पाडला, तेव्हा अशी एक फांदी रस्त्यावर पडून उकलली. पिल्ले कातडीची, डोळे न उघडलेली, भुशात माखलेली. मोठी तांबटे समोरच्या तारेवर बसून होती. कामावरच्या मुकादमाला विचारले तर त्याने मुकाट्याने परवानगीचा कागद पुढे केला. कागदात काहीच खोट नव्हती. तो माणूसही वाईट नव्हता. त्याने पिल्ले उचलून सावलीत ठेवली. त्यांचा काही उपयोग होणार नव्हता, हे त्यालाही ठाऊक होते.

वाळलेली फांदी हा आपल्या दृष्टीने कचरा. तांबट एका हंगामात भोक कोरतो, पुढे त्या भोकात दुसरे पक्षी येतात. स्वतः लाकूड कोरू न शकणाऱ्या पक्ष्यांची सगळी भिस्त या जुन्या भोकांवर असते. पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये, तारांवर येणाऱ्या फांद्यांची छाटणी होते, तेव्हा नेमक्या या फांद्या जातात. छाटणी हवीच, पहिल्याच वादळी पावसात तारा तुटल्या की काय हाल होतात, ते आपण दरवर्षी भोगतो आणि लाइनमन जीव धोक्यात घालून रात्री खांबावर चढतो. त्याचे काम कोणी अडवू नये. तारांपासून दूर असलेली, कोणाच्या डोक्यावर पडणार नाही अशी वाळकी फांदी मात्र सोबत कशासाठी उतरवायची?

काही मित्र सुचवतात की ठरावीक महिने झाडतोड पूर्ण बंद ठेवावी. विचार चांगला, पण गोव्यात तो पुरा पडत नाही. तांबट, धनेश उन्हाळ्यात वीण करतात. घारी त्याआधी, थंडीतच माडाच्या शेंड्यावर काड्या जमवायला लागतात. सुगरण आणि बगळे तर पावसाळ्यात. पूर्ण मोकळा महिना सापडत नाही. म्हणून दिनदर्शिका बघून भागणार नाही, झाडाकडेच बघावे लागेल. परवाना देण्यापूर्वी आणि पुन्हा तोडण्याच्या दिवशी कोणीतरी जाणत्या माणसाने झाड न्याहाळावे, आणि घरटे चालू असेल तर पिल्ले उडेपर्यंत काम थांबवावे. बहुतेक लहान पक्ष्यांच्या बाबतीत हा प्रश्न काही आठवड्यांचा असतो. गोव्यात परवानग्यांसाठी, निविदांसाठी, जमीन संपादनासाठी वर्षे जातात. तिथे हे आठवडे जड होऊ नयेत.

न थांबल्याने काय होते ते केरळने सप्टेंबर २०२२ मध्ये पाहिले. मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंदीकरणासाठी एक झाड पाडले. त्यावर जलपक्ष्यांची वसाहत होती. झाड कोसळताच घरटी रस्त्यावर आदळली आणि मोठ्या संख्येने पिल्ले मेली. चित्रफीत देशभर फिरली, वनखात्याने वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंदवला. तो महामार्ग होता राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे पत्रादेवीहून शिरून पेडणे, म्हापसा, मडगाव, काणकोण असा आपल्या दारावरून जाणारा तोच रस्ता. कायदा तिथेही तोच, इथेही तोच. तिथे तो पिल्ले मेल्यावर जागा झाला. आपल्याला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

मोठ्या झाडांची गोष्ट तर आठवड्यांत मावणारी नाही. गोव्यात धनेशाच्या चार जाती आहेत. त्यांतला महाधनेश जुन्या, उंच झाडाच्या नैसर्गिक ढोलीतच घरटे करतो. मादी आत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. उरते ती फक्त चोच जाईल एवढी फट. आत असताना तिची पिसे झडतात, ती उडू शकत नाही. तीनेक महिने नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लाला फळे भरवतो. एखादी चांगली ढोली सापडली की जोडी वर्षानुवर्षे तिथेच येते. अशी ढोली तयार व्हायला झाड म्हातारे व्हावे लागते, एखादी फांदी मोडावी लागते, बुरशीने आतला गाभा खावा लागतो. वनीकरणाच्या हिशेबात तोडलेल्या एका झाडाला दहा रोपे मिळाली की वही जुळते. धनेशाच्या हिशेबात दहा रोपे म्हणजे शून्य ढोल्या, आणि तेही त्याच्या आणि आपल्या मुलांच्या हयातीभर शून्यच.

मोपा विमानतळाच्या वेळी हे सगळे आपल्या डोळ्यांसमोर घडले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण परवाना स्थगित ठेवला आणि जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठवली. पठारावरच्या पन्नास हजारांहून अधिक झाडांची चर्चा झाली. झाडे मोजली गेली, पण त्या झाडांवरची बिऱ्हाडे कुठल्याच आकड्यात आली नाहीत. मोलेत लोक जास्त सावध होते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी चालू असताना अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांना दृक्‌श्राव्य बैठकीत हिरवा कंदील मिळाला, तेव्हा तरुण मुले, शास्त्रज्ञ, कलाकार, वकील एकत्र आले. त्यांनी कोणते झाड, कोणता ओढा, कोणता प्राणी हे नावानिशी मांडले. मे २०२२ मध्ये रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. नेमकी नोंद असली की तिच्यावर न्यायालयात उभे राहता येते, हा मोलेचा धडा मला फार मोलाचा वाटतो.

नोंद नव्हती तेव्हा आमच्या वाडवडिलांनी हेच काम श्रद्धेने केले. गोव्याच्या गावागावांत सातेरी आहे. तिचे मूळ रूप म्हणजे रोयण, वारूळ. गाभाऱ्यात मातीचा तो उंचवटाच देवी म्हणून पुजला जातो. वाळवीने बांधलेले घरटे आमच्या ग्रामदेवतेचे रूप झाले, आणि देऊळ त्या घरट्याभोवती बांधले गेले; घरटे उकरून देवळाच्या सोयीच्या जागी हलवले नाही. सत्तरीतल्या देवरायांचेही तेच. नानोडे-बांबरची निरंकाराची राय अजून उभी आहे, पाण्यात मुळे रोवलेल्या रानजायफळांसकट. देवाची जागा म्हणून कुऱ्हाड नाही, वाळलेले लाकूडसुद्धा उचलायचे नाही, असा ज्या रायांत दंडक होता तिथे झाडे म्हातारी होऊ शकली आणि त्यांना ढोल्या पडल्या. श्रद्धेचे बळ आता सगळीकडे तेवढे राहिलेले नाही. देवळांच्या जीर्णोद्धारात फरशी आणि काँक्रीट रायांच्या आत सरकत चालले आहे, हे भाविकांनीच बोलायला हवे. पण अख्ख्या जागेला हात न लावण्याची पद्धत आपली स्वतःची आहे. ती कोणा परक्याने शिकवलेली नाही.

खाजनांबद्दल थोडक्यात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. मगर काठाच्या उतारावर बीळवजा खड्डा करून उन्हाळ्यात अंडी घालते आणि पावसाच्या आसपास पिल्ले निघतात. बांधाची डागडुजीही उन्हाळ्यातच होते. पूर्वी ती घमेली, चिखल आणि माणसांच्या हातांनी होई, आता यंत्राचा पंजा एका दुपारी शंभर मीटर सोलून काढतो. यंत्र चालवण्यापूर्वी काठ पायी पाहून घेणे, एवढी अट ठेवली तरी पुरे.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो: इथे गोंयकाराला स्वतःचे घर बांधायला तुकडा मिळत नाही आणि तुम्ही पक्ष्यांच्या घरांचे काय घेऊन बसलात? हा राग खोटा नाही. आमच्या पोरांना आपल्याच गावात जमीन परवडत नाही, हे मी रोज पाहतो. पण जरा बघा, टेकड्या कापून काय उभे राहते आहे. वर्षातून चार आठवडे उघडणारी, बाकीचे महिने दिवे लावून बंद असणारी दुसरी-तिसरी घरे. नगर नियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेले कलम १७(२) आणि २०२४ मधले ३९अ यांतून जमिनींचे क्षेत्रबदल झाले, ते घर नसलेल्या गोंयकाराच्या नावावर झाले काय? डोंगरउतारावरची ढोली आणि गावातल्या तरुणाचे घर यांचा बळी एकाच करवतीने जातो. दोघांचे भांडण लावून देण्यात ज्याचा फायदा आहे, त्याची बाजू आपण घेऊ नये. ज्याला स्वतःच्या अंगणात राहते घर बांधायचे आहे, त्याला घरट्याच्या नियमाने फार तर दीड-दोन महिने थांबावे लागेल. धोकादायक झाड असेल तर तेही नाही. पिढ्यान्‌पिढ्याचे विणीचे ठिकाण पुसले जाते ते बहुधा मोठ्या प्रकल्पात, आणि अडथळा आलाच तर त्यांनाच यावा.

दुसरा आक्षेप, वनखात्याकडे माणसे नाहीत. नसतील. पण गोव्यात १९१ पंचायती आहेत, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ठिकाणी जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आहे, तिने लोकांची नोंदवही ठेवायची आहे. या वह्यांत औषधी झाडे, भाताची वाणे, मासे यांची नोंद होते. त्यातच घरट्यांच्या जागांचे एक प्रकरण हवे. माहिती गावातच आहे. माडावर चढणाऱ्या पाडेल्याला घारीचे घरटे कोणत्या माडावर ते ठाऊक असते. रापणकाराला कासवाची पावले ओळखता येतात. शाळेतल्या मुलांना सुगरणीचे खोपे कुठल्या विहिरीवर आहेत ते विचारा, धावत नेऊन दाखवतील. सप्टेंबरात खाली पडलेला असा खोपा हातात घेऊन आतून पाहिला तर भिंतीला चिखलाचे लहान लहान लपके लावलेले सापडतात. कोणत्या खळग्यातून ती माती आणली तेही कदाचित त्या मुलांनाच सांगता येईल. ही माहिती असलेली पिढी आहे तोवर ती लिहून घेतली पाहिजे. वृक्ष अधिकाऱ्याने परवाना देताना ही वही उघडणे बंधनकारक करावे, आणि तोडण्याच्या दिवशी समितीचा एक माणूस झाडाखाली हजर असावा. खात्याच्या अर्जात एक रकाना वाढवायला कायदा बदलावा लागेल असे मला वाटत नाही. परिपत्रकाने ते काम होऊ शकते.

तोवर वाट पाहत बसायची गरज नाही. येत्या ग्रामसभेत कोणीही नागरिक हा ठराव मांडू शकतो: “आमच्या पंचायत क्षेत्रातील पक्षी, कासवे व मगरी यांच्या विणीच्या ज्ञात जागांची नोंद जैवविविधता नोंदवहीत सर्व्हे क्रमांकासह करण्यात यावी, अशा जागेवरील वृक्षतोड, भराव, बांधकाम वा प्रकाशयोजनेस ना-हरकत दाखला देण्यापूर्वी समितीने प्रत्यक्ष पाहणी करून लेखी अहवाल द्यावा, आणि घरटे वापरात असल्यास पिल्ले बाहेर पडेपर्यंत काम स्थगित ठेवावे.”